तळघराची किल्ली कुणाकडे?

गेल्या अंकात एका ओळीत लिहून गेले होते, की मी नऊ वर्षं इटलीत एका घरगुती हॉटेलात वाढपीण होते. त्या एका ओळीवर एवढी पत्रं आली, की ओल्या हळदीच्या लोणच्याचे प्रश्न पुढच्या महिन्यावर ढकलतेय. लोणचंवाल्यांनी रागावू नये.

प्रश्न : ताई, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला आम्ही दोघं इटलीला जातोय, टूरबरोबर नाही, आपले आपण. मुलीने पिएमोंते भागात एका कुटुंबाचं रेस्टॉरंट शोधून दिलंय. त्यांचं वाइनचं तळघर म्हणे बघण्यासारखं आहे. त्यांची वाइनची यादी आम्ही पाहिली, ती चौऱ्याहत्तर पानांची निघाली! आम्ही दोघांनी मिळून आयुष्यात दहा ग्लास प्यायलो असू. तिथे आमचं हसं होईल का? – म. वि., सातारा

अजिबात होणार नाही. यादी न उघडणारं गिऱ्हाईक त्यांना उलट आवडतं. हे मी यादी हातात घेऊन टेबलाशी उभी राहिलेली बाई म्हणून सांगतेय.

आमचं हॉटेलही पिएमोंतेतच, कासाले मोंफेर्रातोजवळच्या एका खेड्यात होतं. कासाले हे दुकानांतल्या थंड शोकेस बनवणाऱ्या कारखान्यांचं गाव. आमचे हे त्यातल्याच एका कारखान्यात होते, म्हणून आम्ही तिथे. हॉटेलात अकरा टेबलं. आजी सकाळी आन्योलोत्ती, म्हणजे सारणाचा पास्ता, भरायला बसायची, तिला सगळं गाव ‘नोन्ना’ म्हणजे आजीच म्हणायचं. मुलगा शेगडीशी, सून बाहेर गिऱ्हाइकांत, नातू शाळेतून आला की पाव कापायला. तळघराची किल्ली फ्रिजशेजारच्या खिळ्याला टांगलेली असे, आणि ती काढायचा हक्क फक्त सुनेला. मुलालासुद्धा नाही. का ते पुढे सांगते.

तळघराला तिकडे ‘इन्फेर्नोत’ म्हणतात. नावात नरक (‘इन्फेर्नो’) ऐकू येतो, पण आत गेलात तर देवाच्या गाभाऱ्यात आल्यासारखं गार आणि गप्प वाटतं. त्या टापूत जमिनीखाली पिवळट, मऊ दगड लागतो, ‘पिएत्रा दा कांतोनी’. कधीकाळी तिथे समुद्र होता, त्यामुळे भिंतीत अजून शिंपले दिसतात. थंडीत मळ्याची कामं थांबली की शेतकरी घराखाली हा दगड हाताने कोरत बसायचे. आत खिडकी नाही, झरोका नाही, बाटल्या ठेवायचे कप्पेसुद्धा त्याच दगडात खोदलेले. २०१४ साली युनेस्कोने पिएमोंतेच्या द्राक्षमळ्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, त्यात या इन्फेर्नोतांचा भाग वेगळा धरलाय.

मी पहिल्यांदा त्या सतरा पायऱ्या उतरले आणि मला हरिपूर आठवलं. सांगलीकरांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. हरिपुरात हळद जमिनीखालच्या पेवांत ठेवायचे. तोंड माणूस उतरेल एवढं, आत मोठी पोकळी. माझ्या आजोबांची पोती तिथे असत. पेव उघडलं की लगेच कुणी उतरायचं नाही, आधी कंदील खाली सोडायचा. तो विझला तर थांबायचं. २००५च्या महापुरात पाणी शिरलं आणि बरीच पेवं गेली. हे सगळं मी माझ्या तेव्हाच्या मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये नोन्नाला सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “मग भाव चढला की काढता का?” मी म्हटलं, “अर्थात.” ती म्हणाली, “आम्ही भाव चढला तरी काढत नाही. म्हणून तुझे आजोबा व्यापारी आणि आम्ही खानावळवाले.”

असो. आता तुमच्या कामाचं.

आधी जेवण ठरवा, मग वाइन. वाढायला आलेल्या माणसाला आपण काय खाणार ते सांगा आणि यादीतल्या एखाद्या किमतीवर बोट ठेवून म्हणा, “असं काहीतरी.” वाइनच्या नावावर नाही, किमतीवर. त्यातून तुमचा खिसा त्याला कळतो, बरोबरच्या माणसासमोर आकडा बोलावा लागत नाही, आणि त्यालाही तुमच्यासाठी निवडायचा मान मिळतो. आख्खी बाटली नको असेल तर ‘वीनो देल्ला कासा’ म्हणजे घरची वाइन मागा. ‘उन क्वार्तो’ म्हटलं की पाव लिटरचा चंबू येतो. त्यात कमीपणा काही नाही. आमच्याकडे गावचा डॉक्टरही तेच घ्यायचा.

पहिल्याच दिवशी बारोलो या तिकडच्या लाल वाइनच्या मागे मात्र लागू नका. नाव मोठं आहे, मान्य. नियमाप्रमाणे तो अडतीस महिने जुना झाल्याशिवाय बाजारात येत नाही, त्यातले अठरा महिने लाकडात जातात. पण तरुण बारोलो कच्च्या सुपारीसारखी जीभ ओढतो. सवय नसलेल्याला वाटतं, एवढे पैसे दिले ते या तुरटपणासाठी? त्याऐवजी बार्बेरा घ्या. तिच्यात तुरटपणा कमी आणि आंबटपणा पुष्कळ. आमसुलाने सारात जे काम करावं, ते ती लोण्यातुपाच्या जेवणात करते. पिएमोंतेत बारोलो ‘तो’ आणि बार्बेरा ‘ती’. ती रोजच्या जेवणातली म्हणून तिला कुणी फारसं विचारत नसे. मग १९८२ साली रोक्केत्ता तानारो गावच्या जाकोमो बोलोन्या या वाइनवाल्याने तिला छोट्या ओक पिंपांत मुरवलं, ‘ब्रिक्को देल्लुच्चेल्लोने’ नावाने विकलं, आणि मोठ्या हॉटेलांच्या याद्यांत तिला पाट मिळाला. ग्रिन्योलीनो दिसली तर तीही चाखा. रंग इतका फिका की पाणी घातलंय असं वाटतं, आणि घोट घेतल्यावर मात्र ती चांगलीच तुरट निघते.

तळघर बघायचं असेल तर टेबल राखून ठेवतानाच तसं सांगा, आणि जायचं ते जेवणानंतर. रविवारी दुपारी विचारू नका, त्या वेळी घरातल्या माणसाला मान वर करायला फुरसत नसते. शाल न्या, खाली बारा महिने तेरा-चौदा अंश असतात. आणि कशाला हात लावू नका.

हे शेवटचं मी अनुभवाने सांगतेय. माझी तिथली पहिलीच दिवाळी होती. घरापासून लांब, करमत नव्हतं, हात शिवशिवत होते. सून दोन दिवस माहेरी गेलेली आणि किल्ली विश्वासाने माझ्याकडे दिलेली. खाली गेले तर बाटल्यांवर बोटभर धूळ. सांगलीची पोर ती, दिवाळीच्या तोंडावर धूळ बघून गप्प कशी बसणार? बादली आणि फडकं घेऊन उतरले. अकरा बाटल्या लख्ख पुसल्या, आणि नीट दिसाव्यात म्हणून आडव्या होत्या त्या उभ्याही करून ठेवल्या. तळघरातल्या ओलीने लेबलं आधीच मऊ पडलेली. ती फडक्याबरोबर लगद्यासारखी निघून आली. कोणत्या मळ्याची, कोणत्या सालाची, काही कळायला मार्ग नाही. बाराव्या बाटलीला हात घातला तेव्हा पायरीवर नोन्ना उभी. ओरडली नाही. माझ्या हातातलं फडकं घेतलं, ओलं लेबल त्यातून सोडवलं आणि दिव्याशी धरून वाचायचा प्रयत्न करत राहिली.

त्या अकरा बाटल्यांना पुढे ‘ले इंदियाने’ नाव पडलं, म्हणजे भारतीय बायका. विकता येईनात, म्हणून सुट्टीच्या सोमवारी घरच्यांच्या टेबलावर एकेक उघडायची आणि साल ओळखायची पैज लावायची. नोन्नाने अकरापैकी सात ओळखल्या. मी एकही नाही.

प्रश्न : आम्ही शाकाहारी, आणि वाइनही घेत नाही. अशा ठिकाणी फक्त पाणी पिऊन जेवलं तर चालतं का? एखाद्या नामांकित घरगुती रेस्टॉरंटचं नाव सांगाल का? – एक वाचक, इचलकरंजी

पाणी पिऊन जेवलं तर चालतं. तिथे पाणीही विकतचंच असतं, त्यामुळे कुणाचं नुकसान होत नाही. (साधं पाणी म्हणजे ‘नातुराले’, सोड्याचं ‘फ्रिझ्झान्ते’.)

शाकाहाराचं मात्र सांभाळून. “मी व्हेजिटेरियन” एवढं सांगितलं की समोरचा मान डोलावतो आणि मांसाच्या पाण्यात शिजवलेला रिसोत्तो, म्हणजे त्यांचा मऊ भात, आणून ठेवतो. त्याच्या लेखी त्यात मांस नसतंच. म्हणून सुटं सुटं सांगा: सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे, सेन्झा ब्रोदो. मांस नको, मासे नकोत, मांसाचं पाणी नको. पिएमोंतेत तर भाज्यांवरच्या गरम सॉसमध्येसुद्धा, ‘बान्या काउदा’मध्ये, लसणाबरोबर खारवलेले मासे विरघळवलेले असतात. पान्ना कोत्ता या सायीच्या गोडात जिलेटिन असतं, तेही जनावराचंच. आणि जे अगदी काटेकोर आहेत त्यांच्यासाठी: पार्मिज्यानो रेज्जानो चीज वासराच्या पोटातल्या रेनेटनेच विरजतात, तसा नियमच आहे. कळल्यावर मन खट्टू होईल, पण मी सांगितलं नाही असं व्हायला नको. ताज्या पास्त्यात अंडं असतं, हे तर धरूनच चाला.

नावाचं म्हणाल तर माझ्या हॉटेलाचं सांगणार नाही. ते आता नातू चालवतो आणि त्याला गर्दी नकोय. ज्याचं नाव सगळ्या जगाला ठाऊक आहे ते सांगते: ‘दाल पेस्कातोरे’. मांतोवा जिल्ह्यात कान्नेतो सुल्लोल्यो गावाजवळ रुनाते नावाची वाडी आहे, तिथे. गेल्या शतकाच्या विशीत ओल्यो नदीकाठी मासे आणि वाइन मिळणारी साधी खानावळ होती ती, सान्तीनी कुटुंबाची. या घरात सून म्हणून आलेल्या नादिया सान्तीनी सासरच्या बायकांच्या हाताखाली शिकल्या आणि १९९६ साली रेस्टॉरंटला मिशलिन गाइडचा तिसरा, म्हणजे सर्वांत वरचा, तारा मिळाला. एक मुलगा आईबरोबर स्वयंपाकघरात, दुसरा वडिलांबरोबर बाहेर टेबलांवर आणि वाइनवर. महाग आहे, प्रचंड महाग. आम्ही एकदाच गेलो, तेही दहा वर्षांची पुंजी मोडल्यासारखं तोंड करून.

तिथे ‘तोर्तेल्ली दी झुक्का’, म्हणजे भोपळा भरलेला पास्ता, खाल्ले. तांबड्या भोपळ्याचं सारण, त्यात बदामी चवीच्या आमारेत्ती बिस्किटांचा चुरा, मोहरीच्या झणक्याचा फळांचा मुरंबा आणि चीज, वरून लोणी. पहिल्या घासाला आमचे हे म्हणाले, “घारगे!” अगदी तसे नाहीत, पण गोड भोपळा जेवणाच्या मध्यावर खायला जी जात लागते ती आपलीच. त्याच भागातल्या गोठ्यांत आणि चीजच्या कारखान्यांत कितीतरी पंजाबी माणसं कामाला आहेत. शेजारच्या पेस्सीना क्रेमोनेझेत २०११पासून मोठा गुरुद्वारा आहे. वाइन नको, मांस नको, चीजही नको, असं सगळंच नको झालं तर लंगर आहे. तिथे बिलही येत नाही.

प्रश्न : इटलीत बिलावर ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी तीन युरो लावले होते. आम्ही काहीच जास्तीचं मागवलं नव्हतं. फसवलं का? – सु. ज., ठाणे

नाही हो. टेबलावर बसल्याचे, पावाचे, चादरीचे ते पैसे. मेनूत बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. फसवणूक वेगळ्या ठिकाणी होते, आणि माझी झाली होती, इटालियन बोलता येत असूनही. समुद्रकाठच्या एका पर्यटनाच्या गावी माशाची किंमत सात युरो वाचली आणि खूश होऊन मागवला. किमतीपुढे ‘एत्तो’ लिहिलं होतं. एत्तो म्हणजे शंभर ग्रॅम. मासा निघाला सव्वा किलोचा. पुढचं गणित तुम्हीच करा, मला अजून करवत नाही.

प्रश्न : १९९८ साली साहेबांनी परदेशातून आणलेली रेड वाइनची बाटली आमच्या हॉलच्या शोकेसमध्ये आहे. जुनी झाल्याने आता खूप किमती झाली असेल ना? मुलाच्या लग्नात उघडावी म्हणतो. – अ. कु., सोलापूर

शोकेसमध्ये, म्हणजे उभी. सोलापुरात, म्हणजे पंचवीसहून अधिक उन्हाळे. आणि वर ट्यूबलाइट. दादा, बूच वाळून केव्हाच आत हवा गेली असणार. बहुतेक वाइन दोन-चार वर्षांत प्यायलाच केलेली असते. मुरून सुधारणारी थोडी, आणि ती सुधारते अंधारात, गारव्यात, आडवी पडून. लग्नाच्या आधी एखाद्या रविवारी घरच्या घरी उघडा. वरमाईसमोर व्हिनेगर निघायला नको.

प्रश्न : आम्ही दोघं भाऊ नाशिकजवळ हायवेला फॅमिली रेस्टॉरंट चालवतो, परमिट रूमचं लायसन्स आहे. धाकट्याचं म्हणणं, इटालियन पद्धतीचं तळघर खोदून शंभर-दीडशे प्रकारची वाइन ठेवू. मला पैसे अडकतील अशी भीती वाटते. तुम्ही काय सांगाल? – रा. बो., नाशिक

तुमची भीती खरी आहे आणि धाकट्यांची हौसही खोटी नाही. पण तुम्ही दोघं खड्ड्याबद्दल भांडताय, माझा प्रश्न वेगळा आहे. किल्ली कुणाकडे राहणार?

वर म्हटलं होतं, आमच्याकडे ती मुलाकडे नव्हती. त्याचं असं झालं, म्हणजे मी जायच्या आधीची गोष्ट, सगळं गाव ती सांगायचं. ९ जुलै २००६, बर्लिनमध्ये इटलीने फ्रान्सला हरवून वर्ल्ड कप जिंकला. त्या रात्री मुलाने तळघर उघडलं आणि चौकात नाचणाऱ्यांना बापाने जपलेल्या बाटल्या वाटल्या. कागदी ग्लासातून! सकाळी त्या बापाने, म्हणजे सुनेच्या सासऱ्यांनी, किल्ली उचलून तिच्या हातात दिली. ती परत कधी फिरली नाही.

हे सासरे मी तिथे जायच्या आधीच वारलेले, पण त्यांची वही मी हाताळलीय. ती त्यांनी १९८६ साली सुरू केली. त्या साली पिएमोंतेतल्याच स्वस्त वाइनमध्ये मिथेनॉल हा विषारी अल्कोहोल घातल्याचं उघडकीला आलं, वीसेक माणसं दगावली, काहींची दृष्टी गेली. महिनोन्‌महिने लोक हॉटेलात येऊन विचारायचे, ही कुठली? तेव्हापासून त्यांनी पिंपातली वाइन घेणं बंद केलं, ओळखीच्या मळेवाल्यांकडूनच बाटल्या घ्यायला लागले आणि प्रत्येकीची नोंद ठेवली: कुणाचा मळा, कोणतं साल, किती नग, काय भाव. भाव लिरांत, म्हणजे युरोच्या आधीच्या इटालियन चलनात. मला सुनेने बसवलं ते त्या लिरांचे युरो करायला. १९३६.२७ने भागायचं, हा आकडा मी झोपेतही सांगेन. भागाकार केल्यावर कळायचं, की आज ऐंशी युरोला मागणी असलेली बाटली सासऱ्यांनी सहा-सात युरोला घेऊन ठेवली होती. त्यांनी ती विकायला ठेवली नव्हती. मुलाला हॉटेल चालवताना हाताशी काहीतरी असावं म्हणून ठेवली. आणि त्याने ती कागदी ग्लासातून वाटली.

तेव्हा माझं सांगणं असं. तुमच्याकडे काळा कातळ आहे, तो खोदायचा खर्च दुसऱ्या हॉटेलाएवढा होईल. खोदू नका. आतल्या बाजूची, पश्चिमेचं ऊन न लागणारी खोली घ्या, भिंतींना इन्सुलेशन करा, पंधरा अंशांवर ठेवणारं यंत्र लावा आणि लाइट गेली तर जनरेटरवर आधी ती खोली जोडा, एसी मागाहून. प्रकार शंभर नकोत, बारा पुरेत. वाढणाऱ्या पोराला बाराही पाठ सांगता आल्या पाहिजेत. त्यातल्या आठ तुमच्याच जिल्ह्यातल्या. दोन-तीन अकलूजच्या घ्या. तिथे इटलीतल्या तोस्काना (टस्कनी) भागाची सांजोवेझे द्राक्षं लावलीयत आणि वाइनही तोस्कानाच्याच वाइनमेकरच्या, पिएरो मासींच्या हाताखाली तयार झाली. कंपनीचं नाव ‘फ्रातेल्ली’, म्हणजे भाऊ. तुमच्या भांडणाला शोभेल. यातल्या बहुतेक बाटल्या तीन-चार वर्षांत संपवायच्या, त्यामुळे पैसे अडकायची भीती तेवढी कमी.

मुरण्यासारखी वाटेल अशी एकच निवडा आणि तिच्या दरसाल दोन डझन बाजूला टाका. त्या यादीत येणार नाहीत. त्यांची किल्ली तुम्हा दोघांपैकी कुणाकडेच नको. धाकट्या सूनबाई हिशेबाला पक्क्या आहेत असं तुम्हीच पत्रात लिहिलंय. दिवाळीला वहीपूजनाच्या वह्या आणाल तेव्हा एक लाल कापडी जास्तीची आणा आणि ती त्यांच्याकडे द्या. आणि त्या खोलीत दिवाळीची साफसफाई करायला कुणाला पाठवू नका.